विस्थापितांची मुले आणि पुरोगाम्यांचे सोवळे

मणिपूरमध्ये ३ मे २०२३ रोजी जो वणवा पेटला, त्यात अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली आणि साठ हजारांहून अधिक माणसांना घरदार टाकून पळावे लागले. यात शाळेच्या वयाची मुले किती असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. डोंगरातील कुकी-झो असोत की खोऱ्यातील मैतेई, या मुलांचे घर गेले, गाव गेले आणि त्याबरोबर शाळाही गेली. मणिपूरच्या डोंगराळ मुलखात शाळेची परंपरा मुळात चर्चपासून सुरू होते. विल्यम पेटिग्रू हा बॅप्टिस्ट मिशनरी १८९६ साली उखरूलला गेला आणि त्याने तेथे शाळा काढली, तेव्हा सरकार नावाची वस्तू त्या डोंगरात कर वसुलीपुरतीच दिसत असे. तेव्हा संकटकाळात पोरांना गोळा करून पाटीसमोर बसविणाऱ्यांत ख्रिस्ती संस्था पुढे असाव्यात, यात नवल करण्यासारखे काही नाही. नवल करण्यासारखे आहे ते निराळेच. विस्थापित मुलांच्या अशा ख्रिस्ती शाळांना मदत करावी काय, असा प्रश्न निघाला की जातीयवादी गोटातून जी कुजबुज ऐकू येते, तिचाच प्रतिध्वनी पुष्कळदा पुरोगामी म्हणविणाऱ्यांच्या बैठकीतही उमटतो. मदत निर्वासितांना जरूर करू, पण पाद्र्यांना नको, असे दोन्हीकडे म्हटले जाते. कारणे भिन्न असतील. परिणाम एकच होतो, आणि तो मुलाच्या वाट्याला येतो.

हा वाद दूरच्या मणिपुरापुरता असता, तर तो दिल्लीच्या परिसंवादांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु पालघर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना ही सवलत नाही. डहाणूच्या मसोलीपासून तलासरीपर्यंतच्या पट्ट्यात हा प्रश्न रोजचा आहे. तलासरीचे ज्ञानमाता सदन ही जेझुइट धर्मगुरूंची शाळा आदिवासी मुलांना वर्षानुवर्षे शिकवीत आली आहे. त्याच तलासरीत हिंदुत्ववादी संघटनेचेही आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह आहे. आणि याच मुलखात लाल बावट्याने वारल्यांना माणूस म्हणून उभे केले. धर्म, शाळा आणि शोषण या तिन्हींची गाठ जेथे इतकी घट्ट पडली आहे, तेथल्या कार्यकर्त्याला तरी या प्रश्नावर मोघम बोलता येणार नाही.

आधी विस्थापित कोणाला म्हणावयाचे, ते ठरविले पाहिजे. बंदुकीच्या धाकाने एका रात्रीत गाव सोडणारा विस्थापित, हे सर्वांनाच कळते. पण ज्याला कर्जाच्या कागदाने दोन पिढ्यांत जमिनीवरून हुसकून लावले, त्याला काय म्हणावयाचे? सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३८ साली मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीची चौकशी केली. लग्नासाठी घेतलेल्या शे-पन्नास रुपयांपायी वारली नवरा-बायको जमीनदाराचे जन्माचे गुलाम कसे होतात, हे सरकारी दप्तरात तेव्हाच नमूद झाले. दप्तरात नमूद झाले म्हणून लग्नगडीची पद्धत संपली नाही. ती संपविण्याची शपथ २३ मे १९४५ रोजी झरीच्या सभेत हजारो वारल्यांनी घेतली. किसान सभेचा बावटा हाती घेऊन गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने त्यांनी वेठबिगार मोडली. त्याची किंमत म्हणून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि पाच जणांचे बळी गेले. त्यांत पहिला जेठ्या गांगड होता.

गुलामी मोडली, पण स्थैर्य आले असे मात्र झाले नाही. सूर्या प्रकल्पासाठी धामणी आणि कवडास येथे धरणे बांधली गेली. त्यांचे पाणी शेतीला मिळेल असे सांगितले गेले होते. पुढे त्याच पाण्यातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांसाठी रोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना आखली गेली, आणि धरणासाठी उठलेल्यांच्या पदरी पुनर्वसनाचे हेलपाटे आले. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून जातो. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली, ती किनाऱ्यावरील मच्छीमारांचा विरोध डावलून. या साऱ्यांहून मोठे विस्थापन तर दरवर्षी होते आणि वर्तमानपत्रांत त्याची बातमीही येत नाही. दिवाळी सरली की आदिवासी कुटुंबे बयाणा घेऊन भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आठवड्याच्या खर्चीवर पोट भरते; हिशेब मालकाच्या वहीत राहतो. पोर बरोबर असते. ते कच्च्या विटा उलटविते, धाकट्या भावंडाला सांभाळते, आणि गावातल्या शाळेच्या हजेरीपटावरून हळूहळू पुसले जाते. दुसरीकडे डहाणू-तलासरीचे तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. त्यांतले कित्येक समुद्रातली न दिसणारी सरहद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात खितपत पडले आहेत. दोन देशांच्या वैराची झळ कराचीच्या कोठडीतून थेट वारली पाड्यावरच्या चुलीपर्यंत पोहोचते. ज्या मुलाचा बाप परमुलखात अडकला आहे आणि ज्याची आई भट्टीवर आहे, त्याला विस्थापित म्हणावयाचे नसेल तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळावे. ख्रिस्ती शाळा म्हणजे बाटविण्याचे कारखाने, असे हिंदुत्ववादी सांगतात. सक्तीने किंवा आमिषाने धर्म बदलावयास लावणे हे निंद्यच आहे. त्यात दुमत नाही. परंतु त्यासाठी आरडाओरड करण्याची गरज नाही. सरकारची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही, असे घटनेचे अठ्ठाविसावे कलम सांगते. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ सालीच दिला आहे. कायदा हाती असताना ज्यांना पुराव्याऐवजी अफवा जवळची वाटते, त्यांचा रोख मुलाच्या श्रद्धेवर नसून त्याच्या शिक्षणावर आहे, असे कोणी म्हटले तर ते कसे खोडून काढावयाचे? शिकलेला वारली मालकाच्या वहीतला हिशेब वाचू लागतो, आणि खरी अडचण तेथे आहे.

या मंडळींचा दुसरा डाव शब्दांचा आहे. आदिवासीला ते वनवासी म्हणतात. जो आधीपासूनचा आहे, तो केवळ रानात राहणारा ठरला की त्याचा जमिनीवरचा पहिला हक्क आपोआप पुसला जातो. धर्म बदललेल्याला ते घरी परत आणावयास निघतात. पण कोणत्या घरी? वारल्यांचा देव हिरवा, नारायणदेव, वाघोबा. त्यांचे लग्न लागते ते धवलेरीच्या गाण्याने. त्या घरात भटजीला जागाच नव्हती. तेव्हा पाद्र्याने वारल्याला त्याच्या देवापासून तोडले असा आरोप करणाऱ्याने, आपण त्याला कोणाच्या देवळात नेऊन बसवीत आहोत, याचाही खुलासा केला पाहिजे.

या साऱ्यामागचा धोका आता शाळेच्या दारापर्यंत आला आहे. ख्रिस्ती झालेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा, अशी मोहीम चालविली जात आहे. १९५० च्या अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही, कारण जमात ही धर्मावरून ठरत नाही. उद्या ती अट घातली गेली, तर पहिला बळी जाईल तो मिशनच्या शाळेत शिकणारा पोर. तो प्रार्थनेला बसला होता काय, गळ्यात काय घालतो, घरात कोणती तसबीर आहे, याची चौकशी करून त्याची शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि वनजमिनीचा दावा ठरविला जाईल. म्हणूनच या शाळांच्या पाठीशी उभे राहणे हा चर्चच्या सोयीचा प्रश्न राहिलेला नाही. तो आदिवासीच्या घटनादत्त हक्काचा प्रश्न झाला आहे.

दुसरा आक्षेप घरचा आहे, आणि तो अधिक गंभीरपणे तपासला पाहिजे. धर्म ही अफू आहे, तेव्हा धर्मसंस्थेच्या शाळेला हात लावावयाचा नाही, असे काही कार्यकर्ते म्हणतात. मार्क्सचे ते वचन अर्धेच पाठ केल्याचा हा परिणाम आहे. त्याच परिच्छेदात तो धर्माला पीडितांचा निःश्वासही म्हणतो, हे सोयीस्करपणे विसरले जाते. महाराष्ट्राच्या कार्यकर्त्याला तर एवढ्या लांब जावयास नको. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला मिस सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात स्वतः शाळा काढली. मिशनच्या शाळेत शिकून ते ख्रिस्ती झाले नाहीत. ते सत्यशोधक झाले. आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी मिशनऱ्यांच्या भरवशावर सारे सोडून दिले नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यांनी सरकारकडे केली. दुसऱ्याने उघडलेल्या दारातून आत जावयाचे आणि ते दार सर्वांसाठी उघडे ठेवण्याची जबाबदारी सरकारवर टाकावयाची, हा मार्ग जोतीरावांनी घालून दिला आहे. सोवळे पाळणाऱ्या पुरोगाम्याला तो अजून सापडलेला नाही.

याचा अर्थ मिशनऱ्यांचा सारा इतिहास निर्मळ आहे, असा नव्हे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून शेकडो अनाथ मुली उचलून केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. ज्या मुली रस्त्यावर मेल्या असत्या किंवा विकल्या गेल्या असत्या, त्या जगल्या आणि शिकल्या. त्यांतल्या पुष्कळ ख्रिस्ती झाल्या, हेही खरे आहे. भुकेल्या मुलीच्या श्रद्धेला मोकळा निर्णय कितपत म्हणता येईल, असा प्रश्न ज्याला पडतो, त्याने तो जरूर विचारावा. परंतु त्याबरोबर दुसराही विचारावा. रमाबाईंच्या शारदासदनातील धार्मिक वातावरणाला आक्षेप घेऊन १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुली वाचविण्याचे काम मात्र रमाबाई करीत राहिल्या. राजीनामा लिहावयास एक कागद पुरतो. घर बांधावयास आयुष्य लागते.

तिसरा आक्षेप परदेशी पैशाचा. हा आरोप उजव्यांचा आहेच, पण तो डाव्यांच्याही तोंडी होता, हे लपविण्यात अर्थ नाही. १९७८ साली डहाणू परिसरात कष्टकरी संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांत जेझुइट संघातून आलेले कार्यकर्ते होते, एवढ्यावरून त्यांच्याकडे संशयाने पाहणारे पुरोगामी गोटातही निघाले. वास्तविक ही मंडळी आदिवासींच्या वनजमिनीसाठी आणि मजुरीसाठी लढत होती. जेझुइटच असलेले स्टॅन स्वामी झारखंडच्या आदिवासींची बाजू घेत राहिले. ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना अटक झाली आणि ५ जुलै २०२१ रोजी ते कोठडीतच मुंबईच्या रुग्णालयात मरण पावले. कंपवाताने हात थरथरणाऱ्या त्या वृद्धाला पाणी पिण्याच्या नळीच्या पेल्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला होता. अशा माणसाला बाटविणारा म्हणून निकालात काढणे ज्यांना जमते, त्यांच्याशी वाद घालण्यात हशील नाही. राहिला पैसा. परदेशी देणग्यांवर नियंत्रण घालणारा कायदा प्रथम आणीबाणीत, १९७६ साली आला, आणि २०२० च्या दुरुस्तीने तो आणखी आवळला गेला. परदेशी पैसा नको, हे तत्त्व मान्य करू. मग त्या जागी देशी पैसा उभा करण्याची जबाबदारी कोणाची? स्वतः एक रुपया द्यावयाचा नाही आणि दुसऱ्याने दिलेल्या रुपयाचे गोत्र तपासावयाचे, याला राष्ट्राभिमान म्हणत नाहीत.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. शिक्षण ही सरकारची जबाबदारी आहे. मिशनला मदत केली की सरकार सुटते, असे म्हटले जाते. जबाबदारी सरकारचीच आहे, यात शंका नाही. घटनेने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना शिक्षण देण्याचे अभिवचन दिले होते. तो शब्द कायद्यात यावयास २००९ साल उजाडले. कायदा आला आणि सरकार काय करीत आहे? डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करावयाचे ठरविले. २०२३ मध्ये लहान शाळा गुंडाळून समूह शाळा काढण्याची टूम निघाली. भट्टीच्या हंगामात ज्या पाड्याचा पट आपोआप घसरतो, त्या पाड्याची शाळा या हिशेबात कशी टिकणार? आश्रमशाळांतील मुलांच्या मृत्यूंची चौकशी करण्यासाठी २०१६ साली समिती नेमावी लागली, यावरून तेथील व्यवस्थेची कल्पना यावी. हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी पत्रक या योजना कागदावर आहेत; त्या भट्टीवर नेऊन पोहोचविण्यासाठी माणूस लागतो. सरकारला जाब विचारला पाहिजे, तो विचारीत राहिले पाहिजे. परंतु मोर्चा निघून निकाल लागेपर्यंत मूल आठ वर्षांचे अठरा वर्षांचे होते. तोवर त्याने काय करावे, याचे उत्तर या आक्षेपात नाही. ते उत्तर कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दिले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे गेली पाहिजे, हे ओळखून त्यांनी अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालविल्या. विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या त्याही याच जाणिवेने. तात्पुरती सोय आणि कायमचा हक्क यांत वैर नाही, हे या कामांनी सिद्ध केले आहे.

विस्थापित मुलांची शाळा कशी असावी, याचा एक नमुना महाराष्ट्रात होऊन गेला आहे, आणि आज तो कोल्हापूरबाहेर फारसा कोणाला आठवत नाही. १९४०-४१ मध्ये स्टालिनच्या राजवटीने पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकलले. त्यांतील सुमारे पाच हजार, बहुतांश स्त्रिया आणि मुले, इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. तेथे त्यांचे चर्च होते आणि त्यांच्या शाळा होत्या. शिक्षण पोलिश भाषेतून चाले. कॅथलिक मुले आपल्या मुलखात कशाला, असे कोल्हापूर संस्थानाने विचारले नाही. मुलांची भाषा आणि त्यांचा देव त्यांच्यापाशी राहू दिला, आणि तरीही त्यांना आसरा दिला. फाळणीनंतर तीच जागा सिंधी निर्वासितांच्या कामी आली. आजचे गांधीनगर ते हेच. आधी ख्रिस्ती निर्वासित, मग हिंदू निर्वासित, आणि छप्पर एकच! महाराष्ट्राची परंपरा सांगावयाचीच असेल, तर ही सांगावी.

या नमुन्यावरून पाठिंब्याच्या अटीही ठरतात, कारण डोळे मिटून दिलेला पाठिंबा हा पाठिंबाच नव्हे. ज्या शाळेत प्रवेश, जेवण किंवा अंथरूण यांपैकी कशाचीही किंमत श्रद्धेत मागितली जात नाही, ज्या शाळेत मुलाची बोली हसण्याचा विषय होत नाही, ज्या शाळेचा जमाखर्च पालकांना पाहता येतो आणि जी शाळा शिक्षकाला पुरा पगार देते, त्या शाळेच्या पाठीशी समाजवाद्याने उभे राहावे. मणिपुरात कुकी-झो मुलाला जवळ करून मैतेई मुलाला दार लावणारी शाळा या कसोटीला उतरणार नाही. शहरातले भारी फीचे कॉन्व्हेंटही उतरणार नाही. श्रीमंतांच्या पोरांना इंग्रजी वळण लावणाऱ्या त्या संस्थांना तलासरीच्या शाळेचे पुण्य उसने घेता येणार नाही. अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून २०१४ साली न्यायालयाने सूट दिली. त्या सुटीच्या आड गरिबांच्या मुलांना बाहेर ठेवणाऱ्या चर्चला खडसावणे हेही या पाठिंब्याचेच अंग आहे. आणि कसोटी एकच असल्यामुळे ती हिंदुत्ववाद्यांच्या वसतिगृहालाही लावली पाहिजे. ते वसतिगृह या अटी पाळीत असेल, तर तेथल्या मुलाच्या ताटातली भाकरी कोणी हिसकावू नये. पाळीत नसेल, तर पाद्र्याकडे बोट दाखविण्याचा त्याला अधिकार नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी बैठकांतील काथ्याकूट आवरावा. विस्थापित मुलांच्या शाळांसाठी निधी जमवावा, उघडपणे जमवावा, आणि तो कोठे गेला याचा हिशेब मागावा. दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक पाड्यातील मुलांची यादी करून ती डहाणूच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात आणि पालघरच्या जिल्हा परिषदेत नेऊन द्यावी, आणि त्या यादीतील नाव पुसले गेले तर जाब विचारावयास पुन्हा तेथे जावे. अनुसूचित जमातींच्या यादीला धर्माची कात्री लावण्याचा प्रयत्न झाला तर त्याविरुद्ध ख्रिस्ती वारल्याच्या शेजारी हिरव्याला नवस बोलणाऱ्या वारल्याला उभे करावे. झरीच्या सभेत माणसे एकत्र आली तेव्हा कोणाचा देव कोणता, हे कोणी विचारले नव्हते. वेठ सर्वांच्या मानेवर सारखीच होती. आज त्यांच्या पणतवंडांच्या मानेवर कच्च्या विटांचे ओझे आहे. ते उतरवून त्यांच्या हाती पुस्तक देणारा हात कोणाचाही असो, त्या हाताला आधार द्यावयाचा की नाही, एवढाच निर्णय कार्यकर्त्याने करावयाचा आहे.